स्वस्त ट्रान्समीटर, नेटके प्रोग्रामिंग

रेडिओवर चालणारी छोटी विमाने उडवणे हा एकेकाळी फार खर्चाचा छंद होता. आज एनसीसीच्या हवाई शाखेतला कॅडेट, अभियांत्रिकी कॉलेजात स्पर्धेसाठी विमान बांधणारा गट आणि निवृत्तीनंतर घरीच फोमशीट कापून पंख घडवणारे काका, या सगळ्यांच्या हातात साधारण एकाच किमतीचा ट्रान्समीटर दिसतो. रिसीव्हरसकट पाच हजार रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या या संचाने छंदाची दारे खुली केली. त्यावरची चर्चा मात्र अजून ‘कोणता घ्यावा’ याच प्रश्नाभोवती फिरते. घेतल्यानंतर त्यात काय भरावे, कोणत्या क्रमाने भरावे आणि भरलेले कसे तपासावे, याविषयी फार कमी बोलले जाते.

माझे म्हणणे असे आहे की, शिकाऊ आणि मध्यम दर्जाच्या उड्डाणासाठी लागणारे बहुतेक सगळे स्वस्त संचात आज उपलब्ध आहे. विमान सुखरूप उतरणे संचाच्या किमतीपेक्षा प्रोग्रामिंगच्या शिस्तीवर जास्त अवलंबून असते. म्हणून या लेखात स्वस्त ट्रान्समीटरच्या प्रोग्रामिंगच्या तीन वाटा, त्या सगळ्यांना समान असलेली कामे आणि त्यांवरचे मतभेद एकत्र मांडतो.

स्टिकपासून सर्व्होपर्यंत

स्टिक हलवली की ट्रान्समीटरच्या आत ती हालचाल एका आकड्यात बदलते: मध्यभागी शून्य, एका टोकाला उणे शंभर, दुसऱ्या टोकाला अधिक शंभर. हा आकडा चॅनेलवर जातो, रेडिओलहरींवरून रिसीव्हरकडे पोहोचतो आणि तिथून विमानाच्या पट्ट्या हलवणाऱ्या सर्व्होला एका ठरावीक लांबीच्या विद्युत स्पंदाच्या रूपात मिळतो. १५०० मायक्रोसेकंदांचा स्पंद म्हणजे मध्य. १००० आणि २००० म्हणजे दोन टोके. साध्या सर्व्होला असे स्पंद सेकंदाला सुमारे पन्नास वेळा मिळतात.

प्रोग्रामिंग म्हणजे स्टिक आणि चॅनेल यांच्या मधल्या जागेत आकड्यांवर केलेले संस्कार. दिशा उलटवणे, टोके कमी करणे, मध्य सरकवणे, मधला भाग मवाळ करणे, दोन स्टिकांचे आकडे एकत्र मिसळणे. मेनू कितीही मोठा असला तरी कामे एवढीच आहेत. हे एकदा मनात पक्के बसले की कोणत्याही कंपनीचा मेनू परका वाटत नाही.

क्रिस्टलच्या काळापासून

वॉल्टर आणि विल्यम गुड या अमेरिकन जुळ्या भावांनी १९३७ मध्ये ‘गफ’ हे रेडिओनियंत्रित विमान उडवले. त्यानंतर कित्येक दशके या छंदावर क्रिस्टलचे राज्य होते. प्रत्येक संचाची वारंवारता त्यातल्या क्रिस्टलने ठरलेली असे आणि एकाच वारंवारतेवर दोघांनी ट्रान्समीटर चालू केले की एकाचे तरी विमान पडे. कोणती वारंवारता कोणाकडे आहे, हे कळावे म्हणून मैदानावर पाटी आणि चिमटे ठेवावे लागत.

२००५ च्या सुमारास स्पेक्ट्रम या ब्रँडच्या डीएक्स६ संचाने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सामान्य छंदिष्टापर्यंत आणला. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांची ‘बाइंड’ करून जोडी जमवायची आणि शेजाऱ्याची काळजी सोडायची, अशी सोय झाली. पुढे याच पट्ट्यातल्या चिप स्वस्त झाल्या आणि चिनी कारखान्यांतून अल्पमोली संच बाहेर पडू लागले.

पहिली वाट : पडद्याविना

फ्लायस्कायचा एफएस-सीटी६बी आणि त्याच घडणीचा हॉबीकिंगचा टी६ए हे या वाटेचे नमुने. सहा चॅनेल, दोन स्विच, दोन गोल नॉब, आणि पडदा नाही. सगळे प्रोग्रामिंग संगणकावर टी६कॉन्फिग नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरमधून, केबल जोडून करायचे.

या पद्धतीत सगळे आकडे मोठ्या पडद्यावर एकदम दिसतात, स्टिक हलवली की चॅनेलच्या पट्ट्या हलतात, आणि शिकणाऱ्याला कारण-परिणाम लगेच कळतो. पण ट्रान्समीटरमध्ये एका वेळी एकाच विमानाची मांडणी राहते. दुसरे विमान उडवायचे तर संगणकातली दुसरी फाइल पुन्हा भरावी लागते. मैदानात एखाद्या चॅनेलची दिशा उलटी निघाली आणि लॅपटॉप घरी राहिला, तर त्या दिवसाचे उड्डाण संपले. आता नवा संच घेताना ही वाट निवडण्याचे कारण उरलेले नाही. कॉलेजच्या कपाटात जुना संच पडून असेल, तर शिकवण्यासाठी मात्र तो आजही उत्तम आहे.

दुसरी वाट : ठरलेला मेनू

फ्लायस्काय एफएस-आय६ हा या वाटेचा सर्वांत परिचित प्रतिनिधी. चार पेन्सिल सेल, छोटा एकरंगी पडदा, सहा चॅनेल, वीस विमानांची स्मृती आणि दुहेरी संवाद करणारी एएफएचडीएस २ए ही रेडिओपद्धत. दुहेरी संवादामुळे रिसीव्हरला मिळणारे व्होल्टेज ट्रान्समीटरच्या पडद्यावर दिसते. आधीच्या पिढीतल्या स्वस्त संचांत ही सोय सहसा नसे.

मेनूत काय आहे ते ठरलेले आहे: रिव्हर्स, एंड पॉइंट, सबट्रिम, ड्युअल रेट व एक्स्पो, थ्रॉटल कर्व्ह, तीन मोकळे मिक्स, एलेव्हॉन, व्ही-टेल, स्विचांची वाटणी. साध्या हाय-विंग ट्रेनरपासून फ्लाइंग विंगपर्यंत सगळे यात बसते.

या संचाच्या दोन सवयी प्रत्येक नवशिक्याला सांगायला हव्यात. पहिली: बदल केल्यावर ‘कॅन्सल’चे बटण दाबून धरले तरच तो जतन होतो, नुसते दाबून सोडले तर आधीचाच आकडा राहतो. ‘मी रिव्हर्स केले होते, पण झालेच नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असते. दुसरी: चालू करताना सगळे स्विच वर आणि थ्रॉटल तळाला नसेल, तर संच पुढे जात नाही, इशारा देतो. हा अडथळा मानू नये. चालू होताच मोटर फिरू नये म्हणून ठेवलेली ती राखण आहे.

तीन मोकळे मिक्स सुरुवातीला भरपूर वाटतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या विमानाला अपुरे पडतात. विमान बाजूंना कलवणाऱ्या एलेरॉनसाठी दोन स्वतंत्र सर्व्हो, फ्लॅप, आणि फ्लॅप उतरवल्यावर नाक वर जाऊ नये म्हणून नाक वर-खाली करणाऱ्या एलेव्हेटरची भरपाई, एवढे एकत्र हवे असेल तर या मेनूत ओढाताण होते.

तिसरी वाट : खुले फर्मवेअर

या वाटेची सुरुवात एका सदोष पण दणकट खोक्यापासून झाली. फ्लायस्कायने बनवलेला आणि हॉबीकिंगने टर्निजी ९एक्स या नावाने विकलेला नऊ चॅनेलचा संच स्वस्त होता, त्याच्यावर स्विच भरपूर होते, मागे रेडिओ मॉड्यूल बदलण्याची सोय होती. मूळ सॉफ्टवेअर मात्र कच्चे होते. आत एटीमेगा६४ हा बहुतेक इलेक्ट्रॉनिक्स प्रेमींच्या परिचयाचा मायक्रोकंट्रोलर होता: प्रोग्रामसाठी ६४ किलोबाइट, तात्पुरती स्मृती ४ किलोबाइट.

छंदिष्टांनी खोका उघडला, सर्किटवर बारीक तारा डकवल्या आणि स्वतःचे सॉफ्टवेअर आत भरले. थॉमस हुस्टरर यांचे टीएच९एक्स, त्यातून एरेझ रवीव यांचे ईआर९एक्स, आणि पुढे बेर्त्रां सोंजिस यांचे ओपन९एक्स, अशी ही परंपरा वाढली. ओपन९एक्सचे ओपनटीएक्स झाले, आणि २०१३ मध्ये फ्रस्कायने आपला तारानिस हा संच कारखान्यातूनच ओपनटीएक्स घालून विकायला काढला. २०२१ मध्ये ओपनटीएक्समधून एजटीएक्स हा नवा प्रवाह फुटला. आज रेडिओमास्टरचा तळहातात मावणारा पॉकेट हा संचही एजटीएक्सवर चालतो. स्वस्त खोक्यातल्या उणिवेवर चिडून न थांबता अनेक देशांतल्या लोकांनी ती मिळून दुरुस्त केली, आणि कारखान्यांना त्यांच्या मागे यावे लागले. या छंदाच्या इतिहासातली ही मला सर्वांत अभिमानाची गोष्ट वाटते.

एजटीएक्समध्ये मेनूची रचनाच वेगळी आहे. ‘इनपुट’ या पानावर स्टिकचे संस्कार, ‘मिक्स’ पानावर कोणता इनपुट कोणत्या चॅनेलला किती प्रमाणात जाणार ते, आणि ‘आउटपुट’ पानावर त्या त्या सर्व्होची दिशा, मध्य आणि मर्यादा. चौसष्ट मिक्स ओळी, बत्तीस चॅनेल, नऊ फ्लाइट मोड, शिवाय अटींवर चालणारे लॉजिकल स्विच. ‘थ्रॉटल निम्म्याच्या वर आणि हा स्विच खाली, तरच टायमर चालव’ अशी वाक्येसुद्धा यात लिहिता येतात. संगणकावरच्या कम्पॅनियन या सॉफ्टवेअरमध्ये सगळे आधी बांधून, तिथेच चालवून पाहता येते.

या स्वातंत्र्यासोबत जबाबदारीही येते. इथे चुकीचे वाक्यही तितक्याच सहज लिहिता येते आणि संच ते निमूटपणे पाळतो. एखादा थ्रॉटल-कट स्विच आपण लिहिलाच नाही, तर तो नसतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेमधली भिंतही आता पातळ होत आहे. एफएस-आय६ मध्ये ट्रेनर पोर्टमधून नवे फर्मवेअर भरून सहाचे दहा चॅनेल करण्याचे काम छंदिष्टांनी केले आहे. त्याच्या पुढच्या एफएस-आय६एक्स या संचासाठी ओपनटीएक्सवर बेतलेले ओपनआय६एक्स उपलब्ध आहे.

एकच काम, तीन वाटांनी

तुलनेसाठी फ्लाइंग विंग घेऊ. शेपटी नसलेल्या या विमानात मागच्या कडेच्या दोन पट्ट्याच एलेरॉन आणि एलेव्हेटर अशी दोन्ही कामे करतात. एलेव्हेटर दिले की दोन्ही एकाच दिशेने हलाव्यात, एलेरॉन दिले की विरुद्ध दिशांना.

टी६कॉन्फिगमध्ये हे दोन मिक्स लिहून साधते: पहिल्या चॅनेलचा अंश दुसऱ्यात, दुसऱ्याचा पहिल्यात, आणि एका ठिकाणी चिन्ह उलटे. एफएस-आय६ मध्ये एलेव्हॉनचा तयार पर्याय चालू करून टक्केवारी दिली की झाले. एजटीएक्समध्ये चार ओळी लिहाव्या लागतात: दोन्ही चॅनेलना एलेव्हेटर अधिक ५०, एकाला एलेरॉन अधिक ५०, दुसऱ्याला उणे ५०.

पन्नासच का, हे समजले तर तिन्ही वाटा समजल्या. दोन्ही प्रमाणे शंभर ठेवली आणि स्टिक कोपऱ्यात नेली, तर एका बाजूची बेरीज २०० होते. सर्व्हो शंभरावर थांबतो आणि वरचे शंभर वाया जातात. दुसऱ्या बाजूची वजाबाकी मात्र बरोबर शून्य येते. म्हणजे ऐन वळणात, नाक वर ओढलेले असताना, मागितलेल्यापैकी निम्माच रोल (बाजूला कलणे) मिळतो. दोन्ही मिळून शंभर ठेवले, तर टोकाला काही कापले जात नाही. मिश्रण तयार मेनूतले असो वा हाताने लिहिलेले, त्यामागचा हिशेब बदलत नाही.

क्रम चुकला की सगळे चुकते

प्रोग्रामिंग टेबलावर सुरू होते आणि त्याची पहिली पायरी प्रॉपेलर काढणे ही आहे. याला अपवाद नाही.

त्यानंतर यंत्र आधी, मेनू नंतर. सर्व्होचा हात मध्यावर लिंकेजच्या तारेशी काटकोनात बसवावा, तारेची लांबी जुळवून पट्टी सपाट करावी. उरलेला किंचित फरक तेवढा सबट्रिमने काढावा. तारेच्या लांबीतली चूक सबट्रिमने झाकली, तर एका बाजूची हालचाल कमी आणि दुसऱ्या बाजूची जास्त होते, आणि विमान डावीकडे व उजवीकडे सारखे वळत नाही. तसेच थ्रॉटल वाढवताच नाक वर उचलले जात असेल, तर थ्रॉटलमधून एलेव्हेटरकडे मिक्स टाकण्याआधी मोटरचा कल थोडा खाली करून पाहावा.

मग दिशा. विमानाच्या मागे उभे राहावे. स्टिक उजवीकडे नेल्यावर उजवा एलेरॉन वर आणि डावा खाली जायला हवा. एलेव्हेटरची स्टिक आपल्याकडे ओढली की एलेव्हेटर वर. रडर उजवीकडे दिला की रडर उजवीकडे. स्टिकांची मांडणी मोड एक असो वा दोन, ही तपासणी तीच. प्रत्येक उड्डाणाआधी ती पुन्हा करावी, कारण वीस विमानांच्या स्मृतीतून चुकीचे नाव निवडले जाणे फार सोपे आहे.

दिशेनंतर एंड पॉइंट. पट्टी कुठे अडकत नाही आणि सर्व्हो टोकाला गुणगुणत नाही, एवढी मर्यादा ठेवावी. विमान वळताना खाली जाणारा एलेरॉन जास्त हवा अडवतो आणि नाक वळणाच्या उलट दिशेला ओढतो. म्हणून वरची हालचाल जास्त, खालची कमी ठेवतात. एफएस-आय६ मध्ये असे स्वतंत्र साधन नाही. पण दोन एलेरॉन सर्व्हो वेगळ्या चॅनेलवर असतील, तर पहिल्याचे दोन एंड पॉइंट असमान ठेवून आणि दुसऱ्याला दिलेल्या मिक्सचे अधिक-उणे अंश वेगळे ठेवून तेच साधते. साध्या मेनूतूनही किती काढता येते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

त्यानंतर ड्युअल रेट आणि एक्स्पो. ड्युअल रेट पूर्ण हालचालच कमी करतो. एक्स्पो टोके तशीच ठेवून मधला भाग मवाळ करतो. ओपनटीएक्सच्या परंपरेतले सूत्र सोपे आहे: स्टिकच्या आकड्याचा घन आणि तो आकडा यांचे मिश्रण. ४० टक्के एक्स्पोला अर्धी स्टिक दिली, तर ५० ऐवजी ३५ टक्के हालचाल मिळते; पूर्ण स्टिकला पूर्ण शंभर. कंपन्यांमध्ये चिन्हाचा संकेत मात्र सारखा नाही. काही संचांत मवाळपणा उणे आकड्याने मिळतो, काहींत अधिक आकड्याने. उलटे चिन्ह दिले तर विमान मध्यालाच भयंकर तल्लख होते. म्हणून आलेख पाहावा, आकड्यावर विसंबू नये.

फेलसेफ : सर्वांत महत्त्वाचे पान

रेडिओसंपर्क तुटला तर रिसीव्हरने काय करावे, हे सांगणारी मांडणी म्हणजे फेलसेफ. मेनूत ती आतल्या पानावर असते आणि नवशिक्या तिथपर्यंत पोहोचतच नाही. संपर्क तुटताना थ्रॉटल जिथे होता तिथेच राहिला, तर विमान पूर्ण जोरात वस्तीकडे किंवा रस्त्याकडे जाऊ शकते. थ्रॉटल बंद होईल अशी मांडणी असली, तर ते जवळच उतरते किंवा पडते, आणि नुकसान आपल्यापुरते राहते.

म्हणून पहिल्या उड्डाणाआधी, प्रॉपेलर काढलेले असताना, मोटर थोडी फिरवून ट्रान्समीटर बंद करून पाहावा. मोटर थांबली तरच विमान मैदानात न्यावे. कारखान्यातून आलेला संच या बाबतीत कसा वागेल, यावर भिस्त ठेवू नये. याच्या जोडीला एका स्विचवर थ्रॉटल-कट असावा, म्हणजे विमान उचलताना स्टिकला बाही लागली तरी पंखा फिरणार नाही. रोलचा दर, फ्लॅपची टक्केवारी यांवर लोक तासन्‌तास चर्चा करतात. त्याच्या दहाव्या हिश्शाइतका वेळ या पानाला दिला, तरी छंद किती तरी सुरक्षित होईल.

मतभेदाचे मुद्दे

पहिला मतभेद एक्स्पोवर आहे. नवशिक्याने एक्स्पो वापरू नये, हात आधी खरा घडावा, असे जुने उडवणारे म्हणतात. मला हे पटत नाही. नव्या हाताला मध्याजवळची थरथर असतेच, आणि मोजका एक्स्पो ती शोषून घेतो. तो लपवण्यापेक्षा समजावून द्यावा.

दुसरा प्रश्न स्टॅबिलायझरचा आहे. विमानातच तोल सावरणारा जायरो आणि फ्लाइट कंट्रोलर बसला की ट्रान्समीटरचे प्रोग्रामिंग कशाला, असे विचारले जाते. मिश्रणाचे काही काम विमानात जाते, हे खरे. पण दिशा, मोड बदलणारे स्विच आणि फेलसेफ यांची जबाबदारी उरतेच. उलट जायरोची दिशा उलटी असेल, तर तो प्रत्येक चूक दुरुस्त करण्याऐवजी वाढवतो. आणखी एक तपासणी वाढते, एवढेच.

तिसरा मुद्दा सिम्युलेटरचा. एजटीएक्सचे संच यूएसबी केबलने संगणकाला जोडताच जॉयस्टिक बनतात. एफएस-आय६ ला वेगळी केबल लागते. ज्याच्याजवळ शिकवणारा नाही, त्याने खरेदीत या सोयीला चांगले वजन द्यावे.

भारतातली चौकट

२.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा भारतात २००५ पासून ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवानामुक्त आहे. म्हणून वर आलेले २.४ गिगाहर्ट्झचे संच त्या मर्यादेत वापरता येतात. लांब पल्ल्यासाठी विकल्या जाणाऱ्या ९१५ मेगाहर्ट्झच्या मॉड्यूलचे तसे नाही. तो पट्टा इथे मोकळा नाही. एक्सप्रेसएलआरएस या खुल्या रेडिओपद्धतीत भारतासाठी ८६६ मेगाहर्ट्झजवळचा वेगळा पर्याय दिलेला आहे. परदेशी व्हिडिओ पाहून जसेच्या तसे मॉड्यूल मागवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

ड्रोन नियम, २०२१ मध्ये पंचवीस किलोपर्यंतच्या, शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा मनोरंजनासाठी आणि नजरेच्या टप्प्यातच उडवल्या जाणाऱ्या मॉडेल विमानांचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि त्यांना टाइप सर्टिफिकेटच्या अटीतून वगळले आहे. आकाशाचे लाल, पिवळे, हिरवे विभाग मात्र त्यांनाही लागू होतात. विमानतळाजवळच्या शहरांत मैदान निवडण्याआधी नकाशा पाहणे हा तयारीचाच भाग आहे.

कोणी काय घ्यावे

पहिले आणि दुसरे विमान साधे असेल, बजेट घट्ट असेल आणि आसपास एफएस-आय६ वापरणारे असतील, तर तोच घ्यावा. शेजारी तोच मेनू वापरणारा असणे ही मोठी मदत आहे. संगणकाची सवय असेल, पुढे ग्लायडर किंवा फ्लॅपची विमाने करायची असतील, सिम्युलेटरवर शिकायचे असेल, तर थोडे पैसे साठवून एजटीएक्सचा छोटा संच घ्यावा. तो अनेक वर्षे पुरेल. कॉलेजच्या गटाने तर दुसरा विचारच करू नये. कम्पॅनियनमधली फाइल जपून ठेवता येते आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना मागच्या वर्षीचे विमान त्याच्या आकड्यांसकट मिळते.

एका गोष्टीची उणीव मात्र पैशाने भरत नाही. या संचांच्या पुस्तिका इंग्रजीत असतात, अनेकदा वाईट इंग्रजीत, आणि मराठीत नीट लिहिलेले मार्गदर्शन शोधावे लागते. शाळेच्या विज्ञान मंडळाने, कॉलेजच्या गटाने, एनसीसीच्या युनिटने आपल्याकडच्या संचासाठी मराठीत दोन पाने लिहावीत: बाइंड कसे करायचे, जतन कसे करायचे, दिशा कशी तपासायची, फेलसेफ कुठे आहे. ती पाने संचाच्या पेटीत ठेवावीत. स्वस्त ट्रान्समीटरने हा छंद खेड्यातल्या मुलापर्यंत नेला आहे. पहिल्याच दिवशी विमान चिखलात रुतून त्याने तो सोडून देऊ नये यासाठी, माझ्या मते, आधी ही दोन पाने लागतील, महागडा संच नंतरही चालेल.